सुपरकपॅसिटर: कोळशाइतकंच इलेक्ट्रोलाइटबद्दलही बोलूया

श्रीरंग_पुणे

नमस्कार मंडळी,

या विभागात अधूनमधून सुपरकपॅसिटरवर, म्हणजे झटकन भरणाऱ्या-सोडणाऱ्या, प्रचंड धारितेच्या (वीज साठवण्याच्या क्षमतेच्या) कपॅसिटरवर, धागे येतात. नारळाच्या करवंटीचा कोळसा, उसाच्या चिपाडाचा कोळसा, काजूच्या टरफलांचा कोळसा. प्रत्येक धाग्यात चर्चा एकाच दिशेने जाते: पृष्ठफळ किती आणि ग्रॅममागे फॅरड (धारितेचं एकक) किती. त्या कोळशाच्या छिद्रांत जे आयनांचं द्रावण, म्हणजे इलेक्ट्रोलाइट, भरायचं, त्याच्या वाट्याला एखादी ओळ येते, "६ मोलर केओएच (पोटॅशियम हायड्रॉक्साइड) वापरलं", आणि विषय संपतो.

मी याच क्षेत्रात काम करतो आणि हे मला मनापासून खटकतं. सेल किती व्होल्ट सोसेल, त्याचा अंतर्गत रोध किती राहील, थंडीत तो चालेल का, उन्हाळ्यात किती वर्षं टिकेल, आत कोळशाला वीज पोचवायला ॲल्युमिनियमची पत्री चालेल की महागडा धातू लागेल, यातलं बहुतेक सगळं इलेक्ट्रोलाइट ठरवतं. म्हणून हा धागा.

आधी थोडक्यात पाया. कार्बनच्या सुपरकपॅसिटरमध्ये बॅटरीसारखी रासायनिक क्रिया अपेक्षित नसते. एका इलेक्ट्रोडवर इलेक्ट्रॉन जमतात आणि त्यांच्यासमोर द्रावणातले धन आयन येऊन उभे राहतात, दुसऱ्या इलेक्ट्रोडवर याच्या उलट. या दुहेरी थराची कल्पना हेल्महोल्ट्झने १८५३ साली मांडली. पुढे गूई (१९१०), चॅपमन (१९१३) आणि स्टर्न (१९२४) यांनी त्यात दुरुस्त्या केल्या. दोन थरांतलं अंतर नॅनोमीटरपेक्षाही कमी आणि कोळशाचं पृष्ठफळ ग्रॅममागे दीड-दोन हजार चौरस मीटर, म्हणून धारिता एवढी प्रचंड मिळते.

सच्छिद्र कार्बनच्या अशा कपॅसिटरचं पहिलं पेटंट १९५७ साली जनरल इलेक्ट्रिकच्या बेकर यांना मिळालं. त्यात पाण्यातलं द्रावण होतं. साठच्या दशकात ओहायोच्या स्टँडर्ड ऑइल कंपनीतल्या लोकांनी पाणी काढून सेंद्रिय द्रावक आणि त्यात टेट्राअल्किल अमोनियमचं मीठ वापरलं. कोळसा साधारण त्याच जातीचा, पण सेलचं व्होल्टेज वाढलं. आज बाजारात जे मोठे सेल मिळतात ते याच दुसऱ्या वाटेने आलेले आहेत.

व्होल्टेजला इतकं महत्त्व का? ऊर्जा म्हणजे अर्धा गुणिले धारिता गुणिले व्होल्टेजचा वर्ग. ३००० फॅरडचा सेल १ व्होल्टला भरला तर १५०० ज्यूल साठतात. तोच २.७ व्होल्टला भरला तर सुमारे १०,९०० ज्यूल, म्हणजे ३ वॅट-तासांच्या आसपास. व्होल्टेज पावणेतीन पटींहून थोडं कमीच वाढलं आणि ऊर्जा सात पटींहून जास्त झाली. आणि त्या व्होल्टेजची मर्यादा घालून देतं इलेक्ट्रोलाइट: कुठल्या व्होल्टेजला ते स्वतःच फुटायला, म्हणजे त्याचं विघटन व्हायला, लागतं, यावर सगळं अवलंबून.

पाणी १.२३ व्होल्टला फुटायला लागतं, म्हणून आम्ल किंवा अल्काचे सेल १ व्होल्टच्या आसपासच चालवतात. ॲसिटोनायट्राइलमध्ये टेट्राइथाइल अमोनियम टेट्राफ्लुरोबोरेट विरघळवलं की २.७ व्होल्ट, आणि फार शुद्ध माल असेल तर ३ व्होल्टपर्यंत जाता येतं. आयनिक द्रव, म्हणजे द्रावकाशिवायचं, नुसत्या आयनांचं वितळलेलं मीठ, साडेतीन व्होल्टच्या आसपास पोचतं.

पण यातलं काहीच फुकट मिळत नाही. वाहकतेचे आकडे बघा. ६ मोलर केओएच सेंटिमीटरला सुमारे ६०० मिलिसीमेन्स. ३० टक्के सल्फ्युरिक आम्ल त्याहूनही वर. ॲसिटोनायट्राइलमधलं १ मोलर मीठ ५५ च्या आसपास. तेच मीठ प्रोपिलीन कार्बोनेटमध्ये १३ च्या आसपास. ईएमआय-टेट्राफ्लुरोबोरेट हा आयनिक द्रव १४ च्या घरात. म्हणजे व्होल्टेजच्या मागे जाल तसा रोध वाढत जातो. आणि सुपरकपॅसिटर आपण घेतो तोच मुळी झटकन भरण्या-सोडण्यासाठी.

तर बोला. ज्यांनी हे सेल वापरले आहेत, दुरुस्त केले आहेत, बनवले आहेत, त्यांचे अनुभव हवे आहेत.

---

अण्णा_नाशिक

उत्तम धागा. मी इलेक्ट्रॉनिक्स दुरुस्तीत आयुष्य काढलं. जुन्या व्हीसीआरमध्ये आणि मीटरमध्ये ५.५ व्होल्ट लिहिलेले नाण्यासारखे कपॅसिटर असायचे, घड्याळाची वेळ आणि मेमरी जपायला. तुम्ही म्हणता पाण्याचा १ व्होल्ट आणि सेंद्रियचा २.७. मग हे ५.५ कुठून आले?

---

श्रीरंग_पुणे

अण्णा, त्या नाण्याच्या आत एकावर एक रचलेले कप्पे असतात. सेंद्रिय इलेक्ट्रोलाइट असेल तर दोन कप्प्यांत काम भागतं. सौम्य सल्फ्युरिक आम्लाचं असेल तर पाच-सहा कप्पे लागतात. जपानच्या एनईसीने सत्तरच्या दशकात स्टँडर्ड ऑइलकडून परवाना घेऊन आम्लाचेच कपॅसिटर बाजारात आणले आणि 'सुपरकपॅसिटर' हे नाव रूढ केलं. कप्पे वाढले की जोडणीचा रोध वाढतो आणि गळती व्हायच्या जागाही वाढतात. मेमरीला प्रवाह अगदी थोडा लागतो म्हणून तिथे हे खपून जातं. बसला किंवा क्रेनला नाही चालत.

---

प्राजक्ता_कोल्हापूर

श्रीरंगदादा, मी एमएस्सीच्या दुसऱ्या वर्षाला आहे. माझा प्रकल्प चिपाडाच्या कोळशावरच आहे, त्यामुळे तुमचा पहिला परिच्छेद वाचून जरा दचकले :) आमच्याकडे सुपरकपॅसिटरची परंपरा जुनी आहे. शिवाजी विद्यापीठात प्रा. चंद्रकांत लोखंडे यांच्या गटाने धातूंच्या ऑक्साइडच्या पातळ थरांवर खूप काम केलं, त्यामुळे प्रयोगशाळेत सोय चांगली आहे.

मला ६ मोलर केओएचमध्ये तीन इलेक्ट्रोडच्या मांडणीत ग्रॅममागे ३०० फॅरड मिळतात. सेंद्रिय इलेक्ट्रोलाइटमध्ये लोक १०० ते १२० च लिहितात. मग माझा आकडा चांगला की वाईट? आणि ग्लव्ह बॉक्स (हवा आणि ओल बाहेर ठेवून काम करायची बंद पेटी) नसताना मी केओएच सोडून दुसरं काय वापरू शकते?

---

श्रीरंग_पुणे

प्राजक्ता, आकडा चांगलाच आहे. फक्त तो पूर्ण सेलमध्ये नेऊन बघायला हवा.

तीन इलेक्ट्रोडच्या मांडणीत तुम्ही एकाच इलेक्ट्रोडची धारिता मोजता. खऱ्या सेलमध्ये दोन इलेक्ट्रोड एकसर असतात, म्हणून धारिता निम्मी होते आणि वजन दुप्पट. म्हणजे ग्रॅममागचा आकडा थेट चौथा हिस्सा.

तुमचे ३०० फॅरड असे ७५ झाले. १ व्होल्टला ऊर्जा होते ग्रॅममागे ३७.५ ज्यूल, म्हणजे किलोला सुमारे १०.४ वॅट-तास. आता सेंद्रियातले १२० फॅरड घ्या. त्याचे ३० झाले. २.७ व्होल्टला ग्रॅममागे सुमारे १०९ ज्यूल, म्हणजे किलोला ३० वॅट-तास. फॅरड निम्म्याहून कमी आणि ऊर्जा तिप्पट. (हे सगळं नुसत्या कोळशाच्या वजनावर. पत्री, विभाजक, द्रावण, डबा धरला तर तयार सेलमध्ये कोळसा साधारण तीस टक्क्यांच्या आसपासच असतो, त्यामुळे अंतिम आकडे बरेच खाली येतात.)

ग्लव्ह बॉक्स नसेल तर माझा आग्रहाचा सल्ला: सोडियम सल्फेट किंवा लिथियम सल्फेट, १ मोलर, उदासीन द्रावण. ग्रॅममागे १५० फॅरड मिळाले आणि १.६ व्होल्ट साधले तरी किलोला १३ वॅट-तास होतात, तुमच्या केओएचपेक्षा जास्त. खर्च काही नाही, हाताला भाजत नाही.

पाणी १.२३ ला फुटतं तर १.६ कसे, हा प्रश्न तुमचे परीक्षक विचारतील. उत्तर फार सुंदर आहे. ऋण इलेक्ट्रोडच्या छिद्रांत पाण्याचं थोडं विघटन सुरू झालं की तिथे हायड्रॉक्साइड आयन तयार होतात. उदासीन द्रावणात त्यांना शोषून घ्यायला काही नसतं, म्हणून छिद्रांतला सामू (पीएच) झपाट्याने चढतो. सामू एका अंकाने वाढला की हायड्रोजन सुटण्याचं विभव ५९ मिलिव्होल्टने आणखी खाली जातं. शिवाय सुटलेला अणुरूप हायड्रोजन कोळशातच धरून ठेवला जातो, लगेच वायू होऊन बाहेर पडत नाही. आम्लात किंवा तीव्र अल्कात सामू असा हलत नाही, म्हणून तिथे ही सवलत नाही. पोलंडमधल्या फ्रॅकोव्हियाक यांच्या गटाने २०१२ मध्ये लिथियम सल्फेटमध्ये २.२ व्होल्टपर्यंत सेल चालवून दाखवला. तुम्ही तिथपर्यंत जाऊ नका, १.५-१.६ पुरे.

---

निरंजन_ग

धागा आवडला, पण एका बाबतीत मतभेद नोंदवतो. 'इलेक्ट्रोलाइट ठरवतं' हे एकतर्फी वाटतं. तेच इलेक्ट्रोलाइट दोन वेगळ्या कोळशांत घातलं तर निकाल वेगळे येतात. छिद्राचा व्यास चुकला तर पृष्ठफळ कागदावरच राहतं, आयन आत शिरतच नाहीत. आमच्याकडे एका पुरवठादाराने फार मोठ्या पृष्ठफळाचा म्हणून दिलेला कोळसा सेंद्रिय द्रावणात अगदी सुमार निघाला. सल्फ्युरिक आम्लात मात्र तोच उत्तम चालला.

---

श्रीरंग_पुणे

निरंजन, हा मतभेद मला हवाच होता, कारण या विषयातला सगळ्यात रंजक भाग इथेच आहे.

टेट्राइथाइल अमोनियमचा आयन उघडा असताना ०.६८ नॅनोमीटरच्या आसपास असतो. ॲसिटोनायट्राइलचे रेणू त्याच्याभोवती जमले की तो १.३ नॅनोमीटरचा होतो. टेट्राफ्लुरोबोरेट उघडा ०.४८ आणि द्रावकासकट १.१६. त्यामुळे वर्षानुवर्षं सगळे असंच धरून चालले होते की छिद्रं या फुगलेल्या आयनापेक्षा बरीच मोठी हवीत, दोन नॅनोमीटरच्या वर. त्याहून बारीक छिद्रं म्हणजे वाया गेलेली जागा.

२००६ मध्ये गोगोत्सी आणि सिमोन यांच्या गटांनी, च्मिओला हे पहिले लेखक, टायटॅनियम कार्बाइडपासून बनवलेला कार्बन घेतला. त्यात छिद्राचा व्यास हवा तसा बारीक-जाड करता येतो. निकाल सगळ्यांना चक्रावणारा होता: छिद्र १ नॅनोमीटरच्या खाली गेल्यावर पृष्ठफळाच्या मानाने धारिता घटण्याऐवजी वाढायला लागली. आयन द्रावकाचं वेटोळं निदान काही अंशी उतरवून आत शिरतात, देवळाच्या गाभाऱ्याच्या बुटक्या दारातून डोक्यावरची पाटी बाहेर ठेवून आत जावं लागतं तसे. आत गेल्यावर ते भिंतीच्या अधिक जवळ येतात, आणि अंतर कमी झालं की धारिता वाढते.

दोन वर्षांनी, २००८ मध्ये, त्याच मंडळींनी द्रावकच काढून टाकला. ईएमआय-टीएफएसआय हा आयनिक द्रव घेतला, त्यातले दोन्ही आयन ०.७ नॅनोमीटरच्या आसपासचे. सर्वाधिक धारिता मिळाली ती ०.७ नॅनोमीटरच्या छिद्रांना. छिद्र त्याहून मोठं केलं तरी धारिता उतरते, लहान केलं तरी उतरते.

म्हणून तुमच्या कोळशाचं कोडं सोपं आहे. आम्लातला हायड्रोनियम लहान, तो अगदी बारीक छिद्रांत पोचला. टेट्राइथाइल अमोनियम पोचला नाही. कोळसा सुमार नव्हता, जोडी चुकली होती. तुमचं म्हणणं मी असं स्वीकारतो: कोळसा आणि इलेक्ट्रोलाइट यांची निवड वेगवेगळी करताच येत नाही. पुरवठादाराकडे पृष्ठफळाबरोबर छिद्रांच्या व्यासाची विभागणी मागा, ती देत नसेल तर माल घेऊ नका.

एक पुरवणी. धन आणि ऋण आयनांचे आकार वेगळे असल्यामुळे दोन्ही बाजूंची धारिताही वेगळी येते. दोन्हीकडे सारख्याच वजनाचा कोळसा घातला तर व्होल्टेज समसमान वाटलं जात नाही आणि एक बाजू आपली मर्यादा आधी ओलांडते. वजनाचं प्रमाण किंचित बदललं तर त्याच मालातून थोडं जास्त व्होल्टेज सुरक्षितपणे काढता येतं.

---

निरंजन_ग

पटलं. छिद्रांची विभागणी मागवतो.

---

सई_लुलिओ

उत्तर स्वीडनमधून लिहितेय. इथे हिवाळ्यात उणे २५-३० अंश नेहमीचं. ट्रक सुरू करायला बॅटरीला जोड म्हणून सुपरकपॅसिटरचे मॉड्यूल वापरतात आणि ते खरंच चालतात, बॅटरी पार गारठलेली असतानाही. पण सगळ्या बनावटींचे चालत नाहीत. काही सेलच्या माहितीपत्रकात खालची मर्यादा उणे ४० असते, काहींच्या उणे २५. कोळसा तर दोन्हींत करवंटीचाच. हा फरक इलेक्ट्रोलाइटचाच ना?

---

श्रीरंग_पुणे

सईताई, अगदी बरोबर. उणे ४० वाले बहुधा ॲसिटोनायट्राइलचे आणि उणे २५ वाले प्रोपिलीन कार्बोनेटचे.

गंमत अशी की प्रोपिलीन कार्बोनेटचा गोठणबिंदू उणे ४९ अंश आहे, ॲसिटोनायट्राइलचा उणे ४५ च्या आसपास. नुसता गोठणबिंदू पाहून निवड केली तर उलटंच ठरेल. खरा फरक दाटपणात, म्हणजे द्रव किती सहज वाहतो (व्हिस्कॉसिटी) त्यात, आहे. साध्या तापमानाला ॲसिटोनायट्राइल पाण्याच्या निम्म्याहूनही कमी दाट, आणि प्रोपिलीन कार्बोनेट पाण्याच्या जवळजवळ तिप्पट दाट. थंडी वाढली की हा दुसरा द्रावक भराभर घट्ट होतो. आयन हलेनासे होतात, रोध अनेक पटींनी चढतो. सेलमध्ये ऊर्जा असते, पण स्टार्टरला हवी तेवढ्या वेगाने ती बाहेर येत नाही.

मग प्रोपिलीन कार्बोनेट वापरायचंच कशाला? सुरक्षेसाठी. ॲसिटोनायट्राइलचा ज्वलनांक, म्हणजे ठिणगी मिळाली तर त्याची वाफ पेटू शकेल ते तापमान, २ अंश सेल्सिअस आहे, उकळबिंदू ८२. ते जळलं तर धुरात हायड्रोजन सायनाइड असू शकतं. जपानी उत्पादकांचा कल म्हणूनच बराच काळ प्रोपिलीन कार्बोनेटकडे राहिला. अमेरिका-युरोपातल्या मोठ्या सेलमध्ये ॲसिटोनायट्राइल जास्त. दोन्ही बाजूंना आपापलं कारण आहे. बंद खोलीत, माणसांजवळ ठेवायच्या उपकरणात मी स्वतः प्रोपिलीन कार्बोनेटचा सेल निवडेन. तुमच्याकडच्या ट्रकसाठी ॲसिटोनायट्राइलला पर्याय नाही.

आयनिक द्रव जळत नाहीत म्हणून त्यांचं कौतुक होतं ते रास्त आहे, पण ईएमआय-टेट्राफ्लुरोबोरेट १५ अंशांच्या आसपासच गोठायला येतं. दोन आयनिक द्रवांचं मिश्रण करून हा बिंदू खूप खाली नेता येतो. २०११ मध्ये अशा एका मिश्रणावर उणे ५० पासून १०० अंशांपर्यंत कपॅसिटर चालवून दाखवला गेला. किंमत मात्र अजून आवाक्यात नाही.

---

पवनचक्की_सातारा

माझं काम पवनचक्क्यांच्या देखभालीचं. पाती फिरवून वाऱ्याच्या आड घ्यायला हबमध्ये मोटर असते, आणि ग्रिड गेली तर त्या मोटरला आधार म्हणून बॅटऱ्या किंवा सुपरकपॅसिटरचे मॉड्यूल. सुपरकपॅसिटर आल्यापासून वर चढायच्या खेपा कमी झाल्या हे खरं. पण उन्हाळ्यात हबमध्ये भट्टी असते. मॉड्यूलमधला एखादा सेल फुगलेला सापडतो, बाकीचे ठणठणीत. असं का? आणि आयुष्य वाढवायला आमच्या हातात काय आहे?

---

श्रीरंग_पुणे

दादा, तुमचं काम फार जबाबदारीचं. पाती वेळेत आड गेली नाहीत तर पूर्ण यंत्र जातं, त्यामुळे नीट लिहितो.

ढोबळ नियम असा: तापमान १० अंशांनी कमी झालं की आयुष्य सुमारे दुप्पट. सेलमागे व्होल्टेज ०.१ ने कमी केलं तरी साधारण तोच फायदा. दोन्हींचं कारण एकच, इलेक्ट्रोलाइटचं विघटन मंदावतं. तेव्हा मॉड्यूल भरण्याचं व्होल्टेज थोडं खाली आणायला यंत्राचा उत्पादक परवानगी देत असेल तर तो सगळ्यात स्वस्त उपाय आहे. स्वतःहून मात्र बदलू नका, पाती फिरवायला लागणाऱ्या ऊर्जेचा हिशोब त्यांच्याकडे असतो. व्होल्टेज दहा टक्के उतरलं की ऊर्जा एकोणीस टक्के उतरते.

एकच सेल का फुगतो? सगळे सेल एकसर असतात. मधला किंवा कोपऱ्यात कोंडलेला सेल जास्त तापतो, तो लवकर म्हातारा होतो, त्याची धारिता उतरते. एकसर जोडणीत धारिता कमी असलेल्या सेलवर व्होल्टेज जास्त पडतं. जास्त व्होल्टेजने तो आणखी झिजतो. समतोल राखणारं सर्किट हे रोखायला असतं. ते मेलेलं असेल तर एका सेलपासून सुरुवात होते आणि पूर्ण मॉड्यूल जातं. म्हणून फुगलेला सेल दिसला की आधी ते सर्किट तपासा. फुगलेल्या सेलला टोचू नका. आत दाबाखाली ज्वालाग्राही वाफ आणि वायू असतो.

धारिता वीस टक्के घटली किंवा रोध दुप्पट झाला की सेल बाद धरायचा, हा बऱ्याच उत्पादकांचा निकष आहे. मोठ्या ३००० फॅरडच्या नव्या सेलचा रोध ०.२९ मिलिओहम असतो. १०० अँपिअरला त्यात २.९ वॅट उष्णता होते. रोध दुप्पट झाला की उष्णताही दुप्पट, आणि पुन्हा तेच चक्र.

---

गौरी_सिंगापूर

श्रीरंग, विघटनाबद्दल थोडी भर घालते, मी याच विषयावर काम करते.

सेंद्रिय सेलचा मुख्य शत्रू पाणी. द्रावणात ते दशलक्ष भागांत काही भागांपुरतंच चालतं, वीसच्या खाली ठेवायचा प्रयत्न असतो. पण द्रावण कितीही कोरडं आणलं तरी कोळसा स्वतः हवेतली ओल पितो आणि ती बारीक छिद्रांत घट्ट बसते. म्हणून इलेक्ट्रोड निर्वातात १२० अंशांच्या वर तासन् तास सुकवतात. या एका पायरीत घाई केली की पुढे काहीही करून सेल सुधारत नाही.

राहिलेलं पाणी ऋण इलेक्ट्रोडवर हायड्रॉक्साइड देतं. ते टेट्राइथाइल अमोनियमवर हल्ला करतं, त्यातून इथिलीन वायू आणि ट्रायइथाइल अमाइन निघतं. पाण्यामुळे टेट्राफ्लुरोबोरेटचंही विघटन होतं आणि हायड्रोजन फ्लुराइड तयार होतं, ते पत्रीला आणि कोळशाला खातं. प्रोपिलीन कार्बोनेटच्या सेलमध्ये कार्बन डायऑक्साइड आणि प्रोपीनही सापडतात. साताऱ्याच्या दादांनी पाहिलेली फुगवटी ती हीच.

आणखी एक, पत्रीबद्दल. टेट्राफ्लुरोबोरेट असलं की ॲल्युमिनियमवर फ्लुराइडचा संरक्षक थर तयार होतो, म्हणून स्वस्त पत्री चालते. टीएफएसआय आयन घेतला तर हा थर नीट बनत नाही आणि जास्त विभवाला पत्री गंजते. कागदावर उत्तम दिसणारं इलेक्ट्रोलाइट अशा ठिकाणी अडतं.

---

अप्पा_कुडाळ

मंडळी, आमचो धंदो करवंटीच्या कोळशाचो. पुढचं सर्वांना कळावं म्हणून प्रमाण मराठीत लिहितो. आमच्याकडे भट्टीतला कोळसा टनावारी निघतो आणि बाहेर सक्रिय करणाऱ्यांकडे (कोळशात बारीक छिद्रं पाडणाऱ्यांकडे) जातो, बहुतेक पाणी गाळायच्या फिल्टरसाठी. सुपरकपॅसिटरसाठी वापरतात तो कोळसाही करवंटीचा, असं इथे वाचलं. मग आमच्या मालाला त्या बाजारात जागा का नाही?

---

श्रीरंग_पुणे

अप्पा, जागा आहे, वाट लांबची आहे.

करवंटीत बारीक छिद्रं नैसर्गिकपणे छान तयार होतात. जपानच्या कुरारे कंपनीचा कपॅसिटरसाठीचा प्रसिद्ध कोळसा करवंटीपासून, वाफेने सक्रिय करूनच बनतो. फिल्टरच्या कोळशात आणि त्यात फरक शुद्धतेचा. करवंटीच्या राखेत पोटॅशियम, सिलिका, थोडं लोह असतं. पाणी गाळताना त्याने बिघडत नाही. कपॅसिटरमध्ये लोह फार छळतं, विशेषतः आम्लाच्या द्रावणात. लोहाचा आयन एका इलेक्ट्रोडवर इलेक्ट्रॉन देतो, द्रावणातून दुसऱ्या इलेक्ट्रोडवर जाऊन घेतो, परत येतो. सेल कशालाही न जोडता आपोआप रिकामा होत राहतो. दुसरी अडचण कोळशाच्या पृष्ठावरच्या ऑक्सिजनयुक्त गटांची. पाण्याच्या द्रावणात ते थोडी धारिता वाढवतातही, पण सेंद्रिय द्रावणात वायू आणि गळतीप्रवाह वाढवतात.

म्हणजे आम्लाने धुणं, भरपूर शुद्ध पाण्याने धुणं, मग अक्रिय वायूत पुन्हा तापवणं, एकसारखी बारीक भुकटी करणं. हे सगळं करणारा कुणी मध्ये हवा. देशात गिऱ्हाईक आता तयार होतंय. इस्रोच्या विक्रम साराभाई अंतराळ केंद्राच्या तंत्रज्ञानावर केरळच्या केल्ट्रॉनने कण्णूरमध्ये २०२४ साली सुपरकपॅसिटरचा कारखाना सुरू केला. मला मनापासून वाटतं की कोकणातल्या करवंटीने या कामात उतरावं. पहिलं पाऊल म्हणून एखाद्या प्रयोगशाळेतून राखेचं प्रमाण आणि लोहाचं प्रमाण तपासून घ्या. भट्टीत माती आणि पत्र्याचा गंज मिसळणार नाही एवढं पाहिलं तरी लोह बरंच कमी होतं.

---

अप्पा_कुडाळ

आमच्या भट्ट्या जुन्या पिंपांच्या आहेत, गंज येतोच. विटांच्या भट्टीतला वेगळा नमुना काढून दोन्ही तपासतो.

---

प्राजक्ता_कोल्हापूर

दादा, वर सांगितल्याप्रमाणे सोडियम सल्फेटवर काम केलं. दोन इलेक्ट्रोडचा सेल, दोन्हीकडे स्टेनलेस स्टीलच्या चकत्या, मध्ये ग्लास फायबरचा विभाजक. १.६ व्होल्टपर्यंत चार्ज-डिस्चार्जची हजारो आवर्तनं केली, धारिता जवळजवळ तशीच राहिली. मग गाइड म्हणाले, सेल १.६ ला धरून ठेव आणि बघ. धरून ठेवल्यावर मात्र दोन दिवसांत रोध वाढला. सेल उघडला तर धन बाजूच्या विभाजकावर तांबूस डाग. १.४ ला धरलेला दुसरा सेल अजून ठीक आहे. आवर्तनांत काहीच दिसलं नाही ते धरून ठेवल्यावर कसं दिसलं?

---

श्रीरंग_पुणे

तुमच्या गाइडनी अगदी योग्य चाचणी सांगितली. आवर्तनांत सेल कमाल व्होल्टेजला क्षणभरच असतो, बाकी वेळ त्याच्या खाली. विघटन आणि गंज होतात ते वरच्या टोकाला. मोठे उत्पादक म्हणूनच ६५ अंशांना, पूर्ण व्होल्टेजवर, हजार-दीड हजार तास सेल धरून ठेवतात आणि मग आयुष्याचा आकडा छापतात. प्रबंधात तुमच्या आवर्तनांच्या आलेखाशेजारी हा धरून ठेवल्याचा आलेख नक्की द्या.

तांबूस डाग लोहाचा आहे. १.५ व्होल्टच्या वर धन बाजूचं स्टील या सल्फेट द्रावणांत गंजायला लागतं, हे लिथियम सल्फेटच्या सेलमध्येही दिसलेलं आहे. म्हणजे वाढलेल्या रोधाचा काही भाग तुमच्या कोळशाचा नसून चकतीचा आहे. दोन्ही वेगळे करायचे तर असं करा: धन बाजूला स्टीलऐवजी ग्राफाइटची पत्री किंवा टायटॅनियमची चकती लावा, ऋण बाजूला स्टील राहू द्या. पुन्हा १.६ ला धरा. रोध तरीही वाढला तर धन इलेक्ट्रोडचा कोळसाच ऑक्सिडाइझ होतोय, आणि मग मर्यादा १.५ धरायची. वाढला नाही तर १.६ तुमच्या कोळशाचे.

सेल बंद करण्याआधी इलेक्ट्रोड द्रावणात बुडवून निर्वातात ठेवा, छिद्रांतली हवा निघून जाईल. चिपाडाच्या कोळशाला याची गरज जास्त असते. आणि संदर्भासाठी चांदी-सिल्व्हर क्लोराइडचा तिसरा इलेक्ट्रोड त्याच सेलमध्ये घालता आला तर घाला, कुठली बाजू किती विभव घेते ते थेट दिसेल. ते आकडे इथे टाका, वजनाचं प्रमाण किती ठेवायचं ते आपण त्यावरून काढू.